घरच्या विजेसाठी कर्ज आणि अनुदान यांची सांगड

वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबाचे विजेचे बिल बारा महिने सारखे येत नाही. पावसाळ्यात व थंडीत ते आटोपशीर असते. चैत्र लागला म्हणजे कूलर सुरू होतो आणि ते एकदम चढते. अकोला व अमरावती या दोन्ही जिल्ह्यांत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कूलर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. परंतु बिल चढण्याचा काळ आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा नसण्याचा काळ नेमका एकच असतो. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास विकले जाते, कापूस व तूर माघ-फाल्गुनापर्यंत. मार्चअखेर सोसायटीचे व बँकेचे देणे भागविले, पुढील हंगामाच्या बियाण्याची व खताची तजवीज केली, की वैशाखात गाठीशी फारसे उरत नाही. यास्तव छपरावरील सौर वीजसंच ही केवळ शहरातील बंगलेवाल्यांची गोष्ट नसून आपल्या भागातील शेतकऱ्यानेही विचारात घेण्याजोगी आहे. त्यासाठी रक्कम कोठून उभी करावयाची आणि शासनाचे अनुदान त्यात कसे बसवावयाचे, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करावयास हवा. शेतातील सौर कृषी पंप व घरावरील सौर संच या दोन निरनिराळ्या योजना आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनेत शेतकऱ्यास किमतीचा दहावा हिस्सा, व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास विसावा हिस्सा भरावा लागतो. तो संच विहिरीवर बसतो. घरचे मीटर त्याहून वेगळे. पंपाला संच मिळाला म्हणून घराचा हक्क जात नाही, आणि पंपाच्या संचावर घर चालेल अशी अपेक्षाही कोणी करू नये.

अनुदान व कर्ज यांचे स्वरूप

केंद्र शासनाने १३ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केली. देशातील १ कोटी घरांवर सौर संच बसविण्याचे उद्दिष्ट असून त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद व २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची मुदत ठरविण्यात आली. या योजनेत १ किलोवॉटच्या संचास ३०,००० रुपये, २ किलोवॉटच्या संचास ६०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचास ७८,००० रुपये अनुदान मिळते. तीन किलोवॉटच्या पुढे कितीही मोठा संच घेतला तरी अनुदान वाढत नाही.

याच्या जोडीला सार्वजनिक क्षेत्रातील बँकांचे कर्ज आहे. ३ किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी २ लाख रुपयांपर्यंत, विनातारण, दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीचे कर्ज मिळू शकते. व्याजाचा दर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलेला आहे. रेपो दरावर अर्धा टक्का असे त्याचे सर्वसाधारण सूत्र. योजना सुरू झाली तेव्हा रेपो दर साडेसहा टक्के होता, म्हणून व्याज ७ टक्क्यांच्या घरात होते. २०२५ साली रेपो दर उतरत गेला तसे तेही उतरले. सावकाराच्या तर राहोच, पण सामान्य वैयक्तिक कर्जाच्या व्याजाशी तुलना केली तरी हा दर पुष्कळच कमी आहे. कर्जाचा अर्ज ‘जनसमर्थ’ या संकेतस्थळावरून करता येतो.

येथवरची माहिती जाहिरातींतून बहुतेकांच्या कानांवर आलेली आहे. जे कानांवर येत नाही ते असे की, ही दोन साहाय्ये एकाच वेळी हाती पडत नाहीत. अनुदान आधी मिळत नाही. संच पूर्ण बसला, नेट मीटर लागले, महावितरणची तपासणी होऊन संच चालू झाल्याची नोंद झाली, आणि अर्जदाराने बँक खात्याचा तपशील भरला, म्हणजे मग ते खात्यात येते. त्यास साधारणतः ३० दिवस लागतात. तोवर पुरवठादाराचे सर्व पैसे चुकते करावे लागतात. म्हणजे कर्ज हे संचाच्या पुऱ्या किमतीसाठी काढावे लागते, उरलेल्या किमतीसाठी नव्हे. आणि अनुदान आल्यावर त्याचे काय करावयाचे यावर सारा व्यवहार फायद्याचा ठरतो की तोट्याचा, हे अवलंबून राहते.

हे आकड्यांनी पाहू. समजा, २ किलोवॉटच्या संचाची किंमत १,२०,००० रुपये ठरली. दहावा हिस्सा म्हणजे १२,००० रुपये शेतकऱ्याने स्वतःचे घातले व १,०८,००० रुपयांचे कर्ज ६ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी काढले. मासिक हप्ता जवळजवळ १,२०० रुपये बसतो. तीन हप्ते गेल्यावर ६०,००० रुपये अनुदान आले. ही रक्कम जशीच्या तशी कर्जखात्यात भरली, तर मुद्दल सुमारे ४६,००० रुपये उरते, आणि हप्ता पूर्वीचाच चालू ठेवला तर आणखी ४३ महिन्यांत, म्हणजे सुरुवातीपासून चार वर्षांच्या आत कर्ज संपते. एकूण व्याज ७,००० रुपयांच्या आसपास जाते.

आता दुसरी बाजू. तेच ६०,००० रुपये बचत खात्यात आले आणि लग्नकार्यात किंवा बियाण्यात खर्च झाले. कर्ज पुरी दहा वर्षे चालेल आणि व्याज सुमारे ३६,००० रुपये जाईल. संच तोच, ऊन तेच, अनुदानही तेच. फरक २९,००० रुपयांचा. म्हणूनच कर्ज मंजूर होण्याच्या दिवशीच बँकेच्या अधिकाऱ्यास विचारावे की अनुदान परस्पर कर्जखात्यात वळते करून घेण्याची सोय आहे काय. असल्यास ती अवश्य घ्यावी. नसल्यास, अनुदान येताच ते मुद्दलात भरण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि त्या अर्जात ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असे स्पष्ट लिहावे. अन्यथा बँक मुदत तीच ठेवून हप्ता कमी करण्याचा संभव असतो, आणि मग कर्ज दहा वर्षे रेंगाळते. चलित व्याजदराच्या कर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

पीककर्जापासून दूर

वऱ्हाडात कर्ज या शब्दाची धास्ती आहे आणि ती निष्कारण नाही. २००६ साली केंद्र शासनाला विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज द्यावे लागले त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे होते. त्यामुळे ‘आणखी एक कर्ज काढा’ असा सल्ला गावात देताना कार्यकर्त्याने फार जपून बोलावे. माझ्या मते या कर्जाची शिफारस एकाच कसोटीवर करावी: गेल्या बारा महिन्यांच्या बिलांची सरासरी काढावी, आणि संच बसल्यावर वाचणारी मासिक रक्कम हप्त्याच्या बरोबरीची किंवा जास्त भरत असेल तरच कर्ज काढण्यास सांगावे. स्थिर आकार संच बसल्यावरही भरावाच लागतो. तो बचतीत धरू नये. योजनेच्या नावात ‘मोफत’ हा शब्द असला तरी बिलाचा कागद अगदी कोरा येत नाही.

पीककर्जाची रक्कम मात्र या कामी चुकूनही वळवू नये. ‘डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजने’नुसार ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्या शेतकऱ्यावर व्याजाचा भार पडत नाही. या बिनव्याजी पैशाचा मोह होणे साहजिक आहे. परंतु पीककर्ज हंगामापुरते असते. छपरावरील संच एका हंगामात पैसे परत देत नाही. पीककर्ज थकले की व्याजाची सवलत गेली, पुढील हंगामाचे कर्ज अडले, आणि बँकेकडील पत उतरल्याने सौर संचाच्या कर्जाचाही मार्ग बंद झाला. ज्यांचे पीककर्ज आजच थकीत आहे त्यांनी आधी ते मार्गी लावावे. तोवर पंखे-दिवे बदलण्यापुरतेच पाहावे.

मासिक हप्त्याची अडचणही खरी आहे. नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, शेतकऱ्याचा माल वर्षातून एक-दोनदा विकला जातो. ज्यांच्या घरी दूध डेअरीला जाते त्यांचे बरे चालते. इतरांनी सोयाबीनच्या पट्टीतूनच वर्षाचे बारा हप्ते, म्हणजे वरील उदाहरणात सुमारे १४,४०० रुपये, हप्त्याच्या खात्यात बाजूला ठेवावे. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ते पावणेतीन क्विंटल सोयाबीन होते. बाजारात भाव उतरलेला असेल तर साडेतीन क्विंटल धरावे. वरुड-मोर्शीकडील संत्रा उत्पादकांनी हाच हिशेब आंबिया बहाराच्या पैशातून करावा.

किती किलोवॉटचा संच घ्यावा?

आपल्या भागात १ किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो. बारा महिन्यांच्या बिलांवरील युनिटांची बेरीज करून तिला १,४४० ने भागावे. जो आकडा येईल तितक्या किलोवॉटची गरज. एखाद्या घराचा वर्षाचा वापर २,३०० युनिट असेल तर भागाकार १.६ येतो, त्यास २ किलोवॉट पुरेत. एकट्या मे महिन्याच्या बिलावरून संच ठरवू नये. नेट मीटरमध्ये हिवाळ्यातील जादा युनिट पुढील महिन्यांच्या खाती जमा राहतात, परंतु वर्षाचा हिशेब मार्चअखेर मिटविला जातो. तेव्हा गरजेपेक्षा मोठ्या संचाचा उपयोग होत नाही. उन्हाळा कडक म्हणून वीजही त्याच प्रमाणात जास्त मिळेल, हा समजही बरोबर नाही. तावदाने फार तापली की त्यांची शक्ती दर अंशामागे थोडीथोडी घटते, आणि चैत्र-वैशाखातील धूळ त्यात भर घालते. पंधरा दिवसांनी सकाळी गार वेळी ती धुऊन काढण्याचे काम घरातील कोणी तरी आपल्याकडे घ्यावे.

संच घेण्याआधी घरातील पंखे पाहावेत. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज खातो, तर नव्या पद्धतीचा, बीएलडीसी मोटारीचा पंखा ३० वॉटच्या आसपास. बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. चार पंख्यांमागे ६४, म्हणजे अर्ध्या किलोवॉटचा संच देतो त्याहून जास्त. पंख्यांना अनुदान नाही व कर्जही नको. जुना जळाला म्हणजे नवा या जातीचा आणावा, इतकेच. टिनाच्या छपरावर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचे पांढरे हात दिले तरी खोलीचा ताप कमी होतो.

आता किमतीविषयी. अनुदान ठरावीक रकमेचे आहे, किमतीच्या टक्केवारीवर ते वाढत नाही. पुरवठादाराने १,२०,००० ऐवजी १,५०,००० रुपये सांगितले तर वरचे ३०,००० रुपये संपूर्णपणे शेतकऱ्याच्या खिशातून, तेही व्याजासह जातात. ‘अनुदान आहेच, तुम्हाला काय करायचे’ असे म्हणणारा विक्रेता गावात आला तर त्याच्याकडून लेखी दरपत्रक घ्यावे आणि योजनेत नोंदणी असलेल्या आणखी दोघांचे दर मागवावेत. देशी बनावटीची तावदाने असल्याशिवाय अनुदान मिळत नाही. पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे असते. या दोन्ही गोष्टी दरपत्रकात लिहून घ्याव्यात.

गावकऱ्यांचा सर्वांत मोठा भ्रमनिरास होतो तो वीज गेल्यावर. भर दुपारी लाईन गेली की छपरावर ऊन असूनही साधा सौर संच बंद पडतो. यात दोष काही नाही. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनच्या तारेत घरातून वीज शिरू नये म्हणून संच आपोआप थांबेल अशीच त्याची रचना असते. बॅटरीचा संच घेतला तर ही अडचण टळते, परंतु बॅटरीला अनुदान नाही आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. ही गोष्ट कार्यकर्त्याने अर्ज भरण्यापूर्वीच सांगावी. मागाहून सांगितली तर कोणी ऐकून घेत नाही.

छपराचे म्हणाल तर किलोवॉटमागे सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. सिमेंटच्या स्लॅबवर काम सोपे. टिनाच्या छपराखालच्या कैच्या व नाटा किडलेल्या असल्यास आधी त्या बदलाव्यात. जुन्या धाब्याच्या घरावर मात्र थेट संच बसवू नये. मातीच्या थराला भोके पडली की पहिल्याच पावसात घर गळू लागते. अशा घरी गोठ्याच्या मजबूत छपराचा विचार करावा. वळवाच्या वादळात सांगाडा उचलला जातो, म्हणून बोल्ट दर वर्षी एप्रिलमध्ये आवळून घ्यावेत.

कागदपत्रांत सर्वांत जास्त प्रकरणे नावावर अडतात. मीटर आजोबांच्या नावावर, घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये वडिलांच्या नावावर, आणि बँक खाते मुलाचे. वीजजोडणी, अर्जदार व अनुदानाचे बँक खाते ही एकाच व्यक्तीची असावयास हवीत. मीटरचे नाव बदलण्याचा अर्ज आधी निकालात काढावा, मगच योजनेचा अर्ज भरावा. १० किलोवॉटपर्यंतच्या संचास महावितरणकडून वेगळी तांत्रिक मान्यता घेण्याची गरज आता राहिलेली नाही, तेव्हा ती करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यास ते देऊ नयेत.

लहान वापराची घरे

महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्या घरांना वीज मुळातच कमी दराने मिळते. त्यांनी वरीलप्रमाणे मोठे कर्ज काढणे परवडणारे नाही. अशा घरांसाठी राज्य शासनाने २०२५ साली ‘स्मार्ट’ ही योजना आणली. तीत १ किलोवॉटच्या ५०,००० रुपयांच्या संचास केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याची भर पडते: दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास १७,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबास १५,००० रुपये व इतरांस १०,००० रुपये. म्हणजे ग्राहकास अनुक्रमे २,५००, ५,००० व १०,००० रुपये भरावे लागतात. अर्जांचा क्रम आधी येईल त्याला आधी, असा असल्याने गावातील यादी कार्यकर्त्याने स्वतःहून करावी. येथे कर्जाची गरजच पडू नये.

गोबर गॅसचा धडा

कर्ज व अनुदान एकत्र करून घरचे इंधन उभे करणे ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ साली गोबर गॅसचे काम हाती घेतले, १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, आणि अनुदानाच्या जोडीने बँकांनी संयंत्रांना कर्जे दिली. पुढे त्यांतील काही संयंत्रे बंद का पडली, हे गावोगाव जुन्या टाक्या पाहिल्या की कळते. अनुदान मोठ्या मापाला अधिक म्हणून टाकी मोठी बांधली, आणि शेण मात्र तेवढे मिळाले नाही. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोड्याही गेल्या. २ घनमीटरच्या संयंत्रास रोज ५० किलो ताजे शेण, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे लागतात. इतकी जनावरे असली तर घरच्या दोन वेळच्या स्वयंपाकाची सोय होते, व मळी उत्तम खत म्हणून शेतात जाते. मार्च २०२६ पर्यंतच्या केंद्रीय योजनेत २ ते ४ घनमीटरच्या संयंत्रास सर्वसाधारण गटात १४,३५० रुपये अनुदान ठेवले होते. पुढील दर पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारावेत. ज्यांच्याकडे एखादीच गाय आहे त्यांना संयंत्र घेण्याचा आग्रह करू नये, मग उद्दिष्ट अपुरे राहिले तरी चालेल.

कामाचा क्रम

सौर संचाचे काम दिवाळीनंतर लगेच हाती घ्यावे. मीटरचे नाव, नमुना ८ व बँक खाते ही कामे नोव्हेंबरात उरकावीत. कर्जाचा अर्ज डिसेंबरात गेला व जानेवारीत संच बसला, तर अनुदान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे कापसाचे पैसे घरात असतानाच येते आणि ते कर्जखात्यात भरणे जड जात नाही. तेच काम एप्रिलवर ढकलले तर अनुदान ऐन मृगाच्या तोंडावर, बियाण्याच्या दुकानासमोर उभे असताना खात्यात पडते, आणि तेव्हा ते कर्जखात्यापर्यंत पोहोचणे कठीण असते.